ई-मेलची ग्राहकयादी नव्या मंचावर नेताना

‘टायनीलेटर’ ही सेवा २९ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद झाली. लेखक, छोटे विक्रेते, वाचकमंडळे अशा लहान मंडळींना आपल्या वर्गणीदारांना ई-मेलने पत्र पाठवता यावे म्हणून ती २०१० मध्ये सुरू झाली होती. पुढच्याच वर्षी ती ‘मेलचिंप’ने विकत घेतली आणि शेवटी मालकाला ती नकोशी झाली. त्याआधी वर्षभर, १८ जानेवारी २०२३ रोजी, ट्विटरने ‘रेव्ह्यू’ नावाची अशीच सेवा गुंडाळली. ती विकत घेऊन ट्विटरला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. दोन्ही वेळा वापरकर्त्यांना आपापल्या पत्त्यांची यादी उतरवून घेण्यास मुदत मिळाली. ज्यांच्या नजरेतून ती सूचना निसटली, त्यांची वर्षानुवर्षे जमवलेली माणसे एका रात्रीत हरवली.

मंच बंद पडणे हे मात्र स्थलांतराचे एकमेव कारण नाही. बहुतेकांना घराबाहेर काढतो तो दर. २००१ मध्ये सुरू झालेली मेलचिंप २०२१ मध्ये इंट्युइट या कंपनीने सुमारे १२ अब्ज डॉलरना घेतली. एके काळी तिच्या विनामूल्य योजनेत दोन हजार पत्ते बसत असत. पुढे ती मर्यादा पाचशेवर आणली गेली. ज्याची यादी सातशे-आठशेंची होती, त्याला एकतर पैसे भरणे किंवा ब्रेव्हो, झोहो कॅम्पेन्स यांसारख्या दुसऱ्या सेवेकडे जाणे एवढेच पर्याय उरले. गोव्यातील होमस्टे चालवणारे, काजू आणि कोकमाचे पदार्थ घरपोच पाठवणारे, नाट्यप्रयोगांची आगाऊ सूचना देणारी मंडळे, अशा कित्येकांपुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो.

वरवर पाहता काम सोपे आहे. जुन्या सेवेतून पत्त्यांची फाइल उतरवायची, नव्या सेवेत चढवायची आणि पूर्वीप्रमाणे पत्रे पाठवू लागायचे. तांत्रिकदृष्ट्या या दोन कृतींना दहा मिनिटेही लागत नाहीत. परंतु ग्राहकयादीत पत्त्यांखेरीज बरेच काही असते: कोणी केव्हा आणि कशासाठी संमती दिली, कोणी ‘आता पुरे’ म्हटले, कोणाचा पत्ता मेला, कोण दर वेळी पत्र उघडून आतल्या दुव्यावर जातो. ही माहिती मागे राहिली, तर पत्ते सगळे येतात आणि त्यांच्याशी असलेले नाते मात्र जुन्याच घरी राहते.

गोष्ट हाताशी यावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर निंबोला हे गाव आहे. हा सगळा केळीचा मुलूख. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत बुऱ्हाणपूरच्या वाट्याला केळेच आले आहे. जळगाव जिल्ह्याची सीमा लागून असल्याने मराठी येथे अनेक घरांत बोलली जाते, आणि सरकारी कागद हिंदीत निघतो. असे धरू की, निंबोल्याचे एक कुटुंब केळ्यांचे वेफर आणि केळीच्या खोडाच्या धाग्यापासून विणलेल्या टोपल्या विकते. गिऱ्हाईक बुऱ्हाणपूर, रावेर, इंदूर, पुणे येथे आहे आणि थोडे गोव्यातही. दर महिन्याला ते सगळ्यांना एक पत्र ई-मेलने पाठवतात. त्यांच्या फाइलमध्ये २,४०० पत्ते आहेत. गोमंतकीय वाचकाने निंबोल्याच्या जागी म्हापसा किंवा फोंडा वाचले तरी पुढील मजकुरात फारसा फरक पडणार नाही. निंबोला निवडण्यास लिपीशी संबंधित एक खास कारण आहे, ते पुढे येईल.

या २,४०० पत्त्यांपैकी प्रत्यक्षात पत्र ज्यांना जाते ते १,७५० आहेत. ३१० जणांनी कधी तरी ‘नाव कमी करा’ हा दुवा दाबलेला आहे. उरलेले ३४० पत्ते मेलेले आहेत: नोकरी सुटली, खाते बंद झाले, पत्ता लिहितानाच एक अक्षर चुकले. जुन्या सेवेने हे सगळे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले होते आणि पत्र पाठवताना ती आपसूक पहिल्याच कप्प्याकडे पाहत होती. मालकाला याची जाणीवही नसते. मेलचिंपमध्ये हे कप्पे वर्गणीदार, नाव काढलेले, ‘साफ केलेले’ म्हणजे परत आल्यामुळे बाद झालेले, आणि कधीच वर्गणीदार न झालेले निव्वळ ग्राहक, असे असतात. यादी उतरवून घेताना ती बहुधा प्रत्येक कप्प्याच्या वेगळ्या फाइलीत मिळते. घाईत असलेला माणूस सगळ्या फाइली एकत्र चिकटवतो आणि नव्या सेवेत ‘वर्गणीदार’ म्हणून चढवतो. स्थलांतरातील सर्वांत महाग चूक ती हीच.

ती महाग का, हे आकड्यांत पाहावे. गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेले आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेले नियम असे सांगतात की, पत्र मिळालेल्यांपैकी ‘स्पॅम’ म्हणून तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिले पाहिजे, ०.१ टक्क्याच्या आत राहणे गूगलला अपेक्षित आहे. हजारी तीन म्हणजे फारच थोडे. निंबोल्याच्या कुटुंबाने नाव काढलेल्या ३१० जणांनाही पत्र पाठवले, तर ते एकूण २,०६० जणांना जाईल. बहुतेकांचे पत्ते जीमेलचे आहेत असे धरले, तर केवळ सात जणांनी तक्रारीचे बटण दाबले की मर्यादा ओलांडली. नाव काढूनही पत्र आले म्हणून चिडलेली सात माणसे ३१० मध्ये नक्की सापडतात. त्याचा परिणाम त्या सात जणांपुरता राहत नाही. जीमेलचे यंत्र त्या डोमेनविषयी एक मत बनवते आणि मग जे १,७५० जण पत्राची वाट पाहत असतात, त्यांच्याकडेही ते स्पॅमच्या पेटीत जाऊन पडते. कोणी कळवत नाही, कोठे लाल दिवा लागत नाही. फक्त मागण्या येईनाशा होतात.

मेलेल्या ३४० पत्त्यांचा धोका निराळा. पत्रे मोठ्या प्रमाणात परत येऊ लागली की नवी सेवा या ग्राहकाकडे संशयाने पाहते, कारण विकत घेतलेल्या याद्यांची हीच खूण असते. काही सेवा तेवढ्यावर खाते गोठवतात. शिवाय बंद पडलेले काही जुने पत्ते मेलसेवा मुद्दाम सापळा म्हणून पुन्हा जिवंत करतात. तेथे पत्र पोहोचले की पाठवणारा आपली यादी झाडत नाही हे सिद्ध होते. स्पॅमहाउससारख्या संस्था अशा पुराव्यांवर काळ्या याद्या तयार करतात आणि जगभरच्या मेलसेवा त्यांकडे पाहून निर्णय घेतात.

यावर उपाय एकच आणि तो साधा आहे. चारही कप्पे वेगळे उतरवावेत. नव्या सेवेत सर्वांत आधी नाव काढलेल्यांची यादी चढवावी, आणि तीही ‘यांना पाठवू नये’ अशा नोंदीने. बहुतेक सेवांत यासाठी मनाई-यादीची वेगळी सोय असते. त्यानंतर मेलेल्या पत्त्यांची, त्याच नोंदीने. जिवंत वर्गणीदार शेवटी. हा क्रम पाळला म्हणजे एखादे नाव चुकून दोन्ही फाइलींत असले तरी मनाई आधीच लागलेली असते. नाव काढलेले पत्ते पुसूनच टाकावेत असे काहींना वाटते. ते सुबक दिसते, पण धोक्याचे आहे. पुसलेला पत्ता उद्या जुन्या बिलांच्या वहीतून किंवा दुसऱ्या फाइलीतून पुन्हा आत आला, तर त्याने कधी नकार दिला होता हे सांगणारे कोणी उरत नाही. मात्र दराचा हिशेब आधी विचारून घ्यावा: मेलचिंपसारख्या काही सेवा नाव काढलेल्या पत्त्यांचेही पैसे मोजतात आणि ते संग्रहात टाकले तरच वगळतात.

अक्षरांची पडझड

आता निंबोल्याचे कारण. मराठी आणि कोकणी नावांची यादी एका मंचावरून दुसऱ्यावर नेताना जी अडचण येते, ती इंग्रजीतील मार्गदर्शक पुस्तिकांत सापडत नाही.

याद्या ज्या फाइलीत उतरतात तिला सीएसव्ही म्हणतात: स्वल्पविरामांनी विभागलेला साधा मजकूर. त्यातील देवनागरी अक्षरे यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेली असतात. ती फाइल दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली की पुष्कळदा मराठी नावांच्या जागी युरोपीय चिन्हांची खिचडी दिसते. एवढ्यावर काही बिघडलेले नसते. घाबरून किंवा लक्ष न देता ती फाइल तशीच जतन केली, की मात्र बिघाड कायमचा होतो; कधी सर्व अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि मग कोणत्याही युक्तीने मूळ नाव परत येत नाही. म्हणून उतरवलेल्या मूळ फाइलीची एक प्रत बाजूला ठेवावी आणि तिला एक्सेलचा स्पर्शही होऊ देऊ नये. काम करायची प्रत एक्सेलच्या ‘डेटा’ या भागातून, मजकूर आयात करण्याच्या मार्गाने, यूटीएफ-८ निवडून उघडावी. गोव्यात या संकटाचा आणखी एक पैलू आहे. पोर्तुगीज वळणाची नावे रोमन लिपीत लिहिताना स्वरांवर आणि काही व्यंजनांखाली जी चिन्हे देतात, तीही याच पद्धतीने तुटतात. नावाचे असे वाटोळे झालेले पत्र हाती पडले की ग्राहकाला ते फसवणुकीचेच वाटते.

याहून सूक्ष्म गोष्ट ‘बुऱ्हाणपूर’ या शब्दातच दडलेली आहे. त्यातील ‘ऱ्ह’ मधला अर्धा र, ज्याचा उच्चार ओझरता होतो, तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका कळफलकावर टंकलेले बुऱ्हाणपूर आणि दुसऱ्यावर टंकलेले बुऱ्हाणपूर यांची नव्या मंचावर दोन शहरे होतात. त्यात हिंदी वळणाचे ‘बुरहानपुर’ आणि रोमन लिपीतील रूप मिळवले की एकाच गावाची चार गावे झाली. निंबोल्याचे तसेच: मराठीत निंबोला, हिंदी कागदावर निम्बोला. ‘बुऱ्हाणपूरच्या ग्राहकांना शनिवारी घरपोच’ अशी सूचना पाठवायची ठरवली, तर ती एक चतुर्थांश लोकांनाच जाईल आणि उरलेले का वगळले गेले हे पडद्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी कळणार नाही. गोव्यातील याद्यांत पणजी, पणजीम, पंजिम आणि मडगाव, मारगाव असे जे प्रकार आढळतात, त्यांचे मूळ निराळे असले तरी परिणाम हाच.

येथे जुन्या मुद्रणफॉन्टांचाही उल्लेख केला पाहिजे. ज्या संस्थांचे सभासद-पट युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत तयार झाले, तेथील ‘मराठी’ ही प्रत्यक्षात मराठीचा मुखवटा घातलेली रोमन अक्षरे असतात. तो फॉन्ट नसलेल्या मंचावर गेल्यावर मुखवटा गळून पडतो. अशी यादी आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावी आणि मग प्रत्येक नाव माणसाने वाचावे. जोडाक्षरे आणि रफार परिवर्तकातून हमखास घसरतात.

अंकांचेही सांभाळावे. देशाचा क्रमांक जोडलेला बारा आकडी भ्रमणध्वनी एक्सेल गणिती संक्षेपात दाखवतो आणि तसाच जतन झाला तर शेवटचे आकडे जातात. तारखांत ३ एप्रिलचा ४ मार्च होतो, कारण अमेरिकी सेवा महिना आधी लिहितात. संमतीची तारीख अशी उलटली तर उद्या पुरावा म्हणून ती निरुपयोगी ठरते. हे दोन्ही रकाने ‘मजकूर’ या प्रकारात आयात केले की प्रश्न मिटतो.

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय अमुक’ असे नाव आपोआप घालण्याची जी खूण असते, ती प्रत्येक सेवेची वेगळी. जुना नमुना जसाच्या तसा आणला तर ग्राहकाला नावाऐवजी कंसांत कोंबलेली सांकेतिक अक्षरे दिसतात. शिवाय इंग्रजी वळणाच्या सेवा पहिले नाव आणि आडनाव असे दोनच रकाने मानतात. आपल्याकडे मधे वडिलांचे किंवा पतीचे नाव येते, काही याद्यांत आडनाव आधी असते, आणि ‘सौ.’, ‘डॉ.’ ही बिरुदे नावालाच चिकटलेली असतात. ‘प्रिय सौ.’ एवढ्याच संबोधनाची पत्रे याच वाटेने निघतात. रकाने नीट लावणे जमत नसेल, तर सरळ ‘सप्रेम नमस्कार’ लिहावे आणि नाव घालण्याचा सोस सोडावा. मला स्वतःला ते अधिक सभ्यही वाटते.

डोमेनच्या नोंदी

पत्र खरोखर आपल्याकडूनच निघाले आहे हे सिद्ध करण्याची व्यवस्था तीन नोंदींवर उभी आहे: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. पहिलीत आपल्या डोमेनच्या नावाने कोणत्या यंत्रांनी पत्र पाठवावे याची यादी असते. दुसरी म्हणजे प्रत्येक पत्रावर उमटणारी अदृश्य मोहोर. पहिल्या दोन चाचण्या फसल्या तर पत्राचे काय करावे, हे तिसरी सांगते. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलला पाठवणाऱ्यास तिन्ही बंधनकारक आहेत, आणि जाहिरातीच्या पत्रांना एका टिचकीत नाव काढण्याची सोयही. मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी ५ मे २०२५ पासून याच धर्तीचे नियम आणले. लहान पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक पुरते असे नियम म्हणतो. तरी तिन्ही करून ठेवाव्यात, खर्च काहीच नाही.

मंच बदलताना या नोंदी नव्याने कराव्या लागतात आणि त्या मंचावर नसतात. ज्याच्याकडून डोमेन विकत घेतले, त्याच्या खात्यात असतात. त्या खात्याचा परवलीचा शब्द कोणाकडे आहे, हे पुष्कळ छोट्या व्यावसायिकांना ठाऊकच नसते. ज्याने संकेतस्थळ करून दिले तो मुलगा बेंगळुरूला गेलेला असतो. स्थलांतराची पहिली पायरी म्हणून हा शब्द हस्तगत करावा. दुसरी खबरदारी अशी की, एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. नव्या सेवेची सूचना वाचून दुसरी नोंद घातली की दोन्ही रद्दबातल धरल्या जातात, आणि रोजचा साधा पत्रव्यवहारही अडखळू लागतो. सेवेने मागितलेच असेल, तर जुन्या नोंदीतच नव्या सेवेचे नाव जोडावे. अनेक सेवांचे काम आता केवळ डीकेआयएमवर भागते.

जीमेल किंवा याहूच्या फुकट पत्त्यावरून घाऊक पत्रे पाठवण्याचा काळ तर संपल्यातच जमा आहे. याहूने एप्रिल २०१४ मध्येच आपल्या नावाने बाहेरच्या यंत्रावरून निघालेली पत्रे नाकारावीत असे जगाला सांगितले, आणि जीमेलही पुढे त्याच दिशेने गेले. निंबोल्याच्या कुटुंबाने आजवर जीमेलच्या पत्त्यावरून पत्रे पाठवली असतील, तर स्वतःचे डोमेन घेणे हे मंच बदलण्याआधीचे काम आहे. डोमेन आपले असेल, तर त्यामागचा मंच कितीही वेळा बदलता येतो. याचे मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा ई-मेल राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या जुन्या व्यवस्थेतून झोहोने उभारलेल्या व्यवस्थेत हलवण्यात आला. पत्त्याच्या शेवटची सरकारी डोमेने तीच राहिली. त्यामुळे अर्ज पाठवणाऱ्या नागरिकाला आतले यंत्र बदलल्याचे जाणवलेही नाही.

नोंदी झाल्या तरी पहिल्याच दिवशी सर्वांना पत्र पाठवू नये. नव्या यंत्रावरून अनोळखी मोहोरेने अचानक १,७५० पत्रे निघाली की मेलसेवा सावध होतात. ज्यांनी गेल्या दोन-तीन महिन्यांत पत्रातील एखादा दुवा उघडला, अशा शंभर जणांना पहिले पत्र जावे. दोन दिवसांनी अडीचशे, मग पाचशे, आणि पुढच्या आठवड्यात उरलेले नऊशे. यात ‘उघडली’ या आकड्यावर विसंबू नये: सप्टेंबर २०२१ पासून ॲपलची मेल-व्यवस्था, वापरकर्त्याने ही सोय स्वीकारली असेल तर, पत्र त्याच्यासाठी परस्पर उघडल्यासारखे दाखवते. दुवा दाबणे किंवा उत्तर येणे, हीच विश्वासार्ह खूण. ही माहितीही जुन्या मंचावरून यादी उतरवतानाच घ्यावी लागते. खाते बंद केल्यावर ती मिळत नाही.

याच ठिकाणी मराठी पत्रांची एक खास अडचण सांगून टाकतो. जीमेल १०२ किलोबाइटहून मोठे पत्र कापून दाखवते. रोमन अक्षराला एक बाइट लागते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. नव्या मंचाचा सजवलेला नमुना मुळातच जड असतो. त्यात दीड हजार शब्दांचा मराठी मजकूर ओतला की कात्री लागण्याचा संभव वाढतो. आणि कापले जाते ते शेपूट, म्हणजे नेमका ‘नाव कमी करा’ हा दुवा. तो सापडला नाही की माणूस वर हाताशी असलेले स्पॅमचे बटण दाबतो.

वेळ कोणती निवडावी, याबाबत गोव्यात तरी वाद नसावा. ऑक्टोबरपासून पर्यटनाचा हंगाम, डिसेंबरात त्याचा कळस. या काळात घराची तुळई बदलायला कोणी काढत नाही. जून ते ऑगस्ट हे पावसाचे सुस्त महिने या कामाला योग्य. जुलैत एखाद्या आठवड्याची पत्रे स्पॅममध्ये गेली तर दुरुस्तीला अवधी मिळतो; नाताळाच्या आधीच्या आठवड्यात तीच चूक वर्षाची कमाई घेऊन जाते.

संमती कोणाची आणि कोणाला

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमास ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे त्या मे २०२७ मध्ये लागू होतील. यादी हलवणाऱ्याच्या दृष्टीने त्यातील तीन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. संमती जितक्या सहज देता आली, तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. माहिती हाताळणाऱ्या सेवेशी वैध करार असला पाहिजे, आणि तरीही तिच्याकडून घडलेल्या चुकीची जबाबदारी यादीच्या मालकावरच राहते. ‘मंचाने केले’ हे उत्तर चालणार नाही. कायदा लागू होण्यापूर्वी ज्यांची संमती घेतली, त्यांना शक्य तितक्या लवकर सूचना द्यावी लागेल की आपली कोणती माहिती कशासाठी ठेवली आहे आणि संमती मागे कशी घ्यावी. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा व्यक्तीला हवी. मराठी आणि कोकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. उल्लंघनाच्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. टोपल्या विकणाऱ्या कुटुंबावर एवढा दंड कोणी लावणार नाही हे उघड आहे. पण संमतीची तारीख आणि ती कोठून आली, हे दोन रकाने नव्या मंचावर न विसरता नेण्यास एवढा धाक पुरेसा असावा.

गोव्याच्या याद्यांत परदेशी पत्ते हटकून असतात. होमस्टेचे जुने पाहुणे असतात, लिस्बनला स्थायिक झालेले आप्त असतात. युरोपीय संघाचा २५ मे २०१८ पासून लागू असलेला विदासंरक्षण नियम संघातील व्यक्तींना वस्तू किंवा सेवा देऊ करणाऱ्या प्रत्येकाला बांधतो, तो कोठेही बसलेला असो. ब्रिटनने संघ सोडल्यावरही तशीच तरतूद आपल्या कायद्यात ठेवली. अशा पत्त्यांची संमती कोठे नोंदलेली नसेल, तर त्यांना नव्या मंचावर नेण्यापूर्वी जुन्या मंचावरूनच एक पत्र पाठवून ‘पुढेही पत्रे हवीत का’ असे विचारावे. यादी रोडावेल, जे उरतील ते खरे.

यादी गेली, पत्रे पोहोचू लागली, म्हणजे काम संपले असे वाटते. परंतु संकेतस्थळावरचा नोंदणीचा अर्ज अजून जुन्या मंचालाच जोडलेला असतो. वेफरच्या पाकिटावर छापलेला क्यूआर कोड जुन्याच पानाकडे नेतो, आणि छापून ठेवलेली पाकिटे संपायला चार महिने लागतात. नवी नावे तेथे गुपचूप साचत राहतात. नवा वर्गणीदार आला की आपोआप जाणारी स्वागताची पत्रमालिका तर कोणत्याच फाइलीत उतरत नाही. ती हाताने पुन्हा रचावी लागते.

म्हणून जुने खाते लगेच बंद करू नये. आधी पाठवलेली पत्रे लोकांच्या पेटीत पडून असतात आणि त्यांतील ‘नाव कमी करा’ हा दुवा जुन्याच मंचाचा असतो. तो चालेनासा झाला की नकार देऊ पाहणाऱ्याला दार बंद सापडते. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यात पत्र पाठवल्यापासून किमान तीस दिवस ही सोय चालू ठेवण्याचे बंधन आहे. आपल्याकडेही दोन महिने धरणे शहाणपणाचे. त्या काळात दर आठवड्याला जुन्या मंचावर जाऊन कोणी नाव काढले आणि कोणी नव्याने नोंदवले हे पाहावे, ते नव्या यादीत उतरवावे. जुन्या पत्रांतील चित्रेही बहुधा जुन्याच मंचावर साठवलेली असतात. हवी ती स्वतःकडे घ्यावीत. मग शेवटची संपूर्ण फाइल उतरवून एखाद्या सुरक्षित जागी ठेवावी, जुन्या सेवेला डोमेनच्या नोंदींतून वगळावे, पैसे कापण्याची बँकेतील परवानगी रद्द करावी आणि खाते मिटवताना तेथील ग्राहकांची माहितीही पुसली जाईल याची लेखी पोच मागून घ्यावी.